क्लेअरच्या जमिनी आणि एलिझाबेथचा वारसा

मध्ययुगीन इंग्लंडमधील उमराव घराण्यातील स्त्रीचा माग काढताना अभ्यासकाला नावाचा फारसा आधार मिळत नाही, कारण प्रत्येक विवाहाबरोबर ते बदलते. जमीन मात्र जागच्या जागी राहते आणि ती कोणाकडून कोणाकडे गेली याची नोंद राजदरबारी काळजीपूर्वक ठेवलेली असते. ‘क्लेअरची स्वामिनी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या एलिझाबेथ डी बर्ग (१२९५–१३६०) हिचे चरित्र या नोंदींमुळेच आज इतके तपशीलवार उभे करता येते.

तिचा पिता गिल्बर्ट डी क्लेअर हा ग्लॉस्टर आणि हर्टफर्डचा अर्ल, तर माता जोन ही पहिल्या एडवर्ड राजाची कन्या. गिल्बर्टला पहिल्या पत्नीपासून इझाबेल आणि जोन अशा दोन मुली होत्या. १२९० मध्ये राजकन्येशी विवाह करताना त्याने आपल्या सर्व जमिनी राजाच्या स्वाधीन केल्या आणि राजाने त्या गिल्बर्ट व नववधू यांच्या संयुक्त नावे, पुढे त्या दोघांच्या संततीकडे जातील अशा अटीवर, परत दिल्या. या एका व्यवहाराने थोरल्या मुलींचा वारसाहक्क संपला. केवळ वंशवृक्ष पाहणाऱ्याला थोरल्या बहिणी असताना धाकट्यांना सारे कसे मिळाले, हे कोडे वाटते. त्याचे उत्तर रक्ताच्या नात्यात नसून १२९० च्या त्या दस्तऐवजात आहे.

२४ जून १३१४ रोजी एलिझाबेथचा भाऊ, धाकटा गिल्बर्ट, बॅनकबर्नच्या लढाईत स्कॉटिश सैन्याकडून मारला गेला. थेट राजाकडून जमीन धारण करणारा माणूस मरण पावला की त्या त्या परगण्यातील प्रतिष्ठितांना शपथेवर विचारले जाई, की मृताकडे कोणती जमीन होती, ती कोणत्या सेवेच्या मोबदल्यात होती, तिचे वार्षिक उत्पन्न किती आणि वारस कोण व किती वर्षांचा. ‘मृत्यूनंतरची चौकशी’ या नावाने ओळखली जाणारी ही कागदपत्रे वंशेतिहासाच्या अभ्यासकाचा सर्वांत भक्कम आधार होत. मुलगा असल्यास थोरल्याला सर्व मिळे; मुलगा वा भाऊ नसल्यास मात्र मुली किंवा बहिणी समान वाटेकरी ठरत, त्यांच्यात थोरली-धाकटी असा भेद नसे.

एलिनॉर, मार्गारेट आणि एलिझाबेथ या तीन बहिणींमधील ही वाटणी तीन वर्षे रखडली, कारण गिल्बर्टची विधवा मॉड आपण गरोदर असल्याचे दोन वर्षांहून अधिक काळ सांगत राहिली. मॉड ही एलिझाबेथच्या पहिल्या पतीची, जॉन डी बर्गची, बहीण होती. म्हणजे १३०८ मध्ये या दोन घराण्यांत साटेलोटे झाले होते आणि मॉड एकाच वेळी एलिझाबेथची नणंद व भावजय होती. जॉन १३१३ मध्ये वारला. तिसऱ्या हिश्शाची संभाव्य वारसदार झालेल्या तरुण विधवेला त्यानंतर कोणी स्वस्थ बसू दिले नाही. १३१६ च्या प्रारंभी थिओबाल्ड डी व्हर्डन याने तिला ब्रिस्टल किल्ल्यातून नेऊन राजाच्या परवानगीवाचून विवाह केला, तो त्याच वर्षी मरण पावला, आणि १३१७ मध्ये दुसऱ्या एडवर्डने आपला मर्जीतला रॉजर डॅमरी याच्याशी तिचा विवाह लावला. वाटणी पूर्ण झाली ती या विवाहानंतर. जमीन तिच्या रक्ताची, पण तिचा कारभार आणि उपभोग पतीच्या हाती, ही त्या कायद्यातील विसंगती तिच्याइतकी क्वचितच कोणी भोगली असेल.

ग्लॅमर्गन थोरल्या बहिणीचा पती ह्यू डिस्पेन्सर याच्याकडे गेला, तर एलिझाबेथला वेल्समधील अस्क मिळाले; सफोकमधील क्लेअर हे तिचे पुढील काळातील मुख्य ठाणे झाले. १३२२ मध्ये डॅमरी राजाविरुद्धच्या बंडात मरण पावला, तिला बार्किंगच्या मठात अटकेत ठेवण्यात आले आणि डिस्पेन्सरने अस्क बळकावून त्याच्या बदल्यात गावर हा प्रदेश तिच्या माथी मारला. पुढे न्यायालयीन डावपेचांनी तोही काढून घेतला. १३२६ मध्ये तिने या अन्यायाविरुद्धचे निवेदन गुप्तपणे लेखी नोंदवून ठेवले. जाहीर तक्रार करणे अशक्य असताना पुढील काळासाठी पुरावा तयार करणारी ही स्त्री विलक्षण जागरूक होती, यात शंका नाही. त्याच वर्षी डिस्पेन्सरचा पाडाव झाला आणि अस्क तिच्याकडे परतले.

त्यानंतर मृत्यूपर्यंत तिने विवाह केला नाही. विधवा स्त्री कायद्याने स्वतःच्या मालमत्तेची स्वामिनी असे आणि हा हक्क तिने पुरेपूर वापरला: तिच्या घरखर्चाच्या हिशेबांच्या गुंडाळ्या आजही उपलब्ध आहेत, आणि केंब्रिजमधील डबघाईला आलेल्या विद्यालयाला तिने दिलेल्या देणग्यांतून आजचे क्लेअर कॉलेज उभे राहिले.

तिचा एकुलता मुलगा विल्यम, अल्स्टरचा अर्ल, १३३३ मध्ये आयर्लंडमध्ये मारला गेला, त्यामुळे वारसा पुन्हा एका मुलीकडे, विल्यमच्या एलिझाबेथ नावाच्याच कन्येकडे गेला. तिचा विवाह तिसऱ्या एडवर्डचा पुत्र लायनेल याच्याशी झाला आणि १३६२ मध्ये त्याला मिळालेली ‘क्लॅरेन्स’ ही सरदारकी क्लेअरच्याच नावावरून घडली. त्यांची मुलगी फिलिपा मॉर्टिमर घराण्यात गेली. पुढे अ‍ॅन मॉर्टिमरच्या द्वारे हा वारसा तिचा मुलगा रिचर्ड, यॉर्कचा ड्यूक, याच्याकडे आला. १४६१ मध्ये रिचर्डचा मुलगा चौथा एडवर्ड म्हणून गादीवर बसला, आणि क्लेअरच्या जमिनी राजघराण्याच्या मालमत्तेत सामील झाल्या.