बेवारस तुळईची शहानिशा

जुना वाडा पाडल्यावर वखारीत येऊन पडलेल्या तुळईचा वरचा रंग हा तिच्या जातीविषयीचा सर्वांत बेभरवशाचा साक्षीदार होय. कारण धूर, तेल आणि दीर्घकाळचा प्रकाश यांनी साग, ऐन व फणस या तिघांनाही एकाच काळपट वर्णाची दीक्षा दिलेली असते. म्हणून प्रथम टोकाचा आडवा छेद धारदार पटाशीने तासून, किंचित ओला करून, दहापट भिंगाखाली पाहावा: सागात प्रत्येक वर्षवलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रांग दिसते, तर शिसव आणि ऐन यांत छिद्रे विखुरलेली असतात. ताज्या रंध्याखाली सागाचा चामड्यासारखा वास आणि स्निग्ध स्पर्श हा दुसरा दाखला. वजनाचेही ऐकावे, वाळलेला साग घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो, शिसव ८५०च्या आसपास.

परंतु मला सर्वाधिक मोह पडतो तो बिबळ्याच्या परीक्षेचा. त्याच्या गाभ्याचा भुसा काचेच्या पेल्यात भिजत ठेवला असता पाणी पिवळसर तपकिरी होते, आणि काळ्या कापडासमोर, उन्हात धरताच, त्यात निळी झाक तरळते. (मधुमेहावर गुणकारी म्हणून विकले जाणारे लाकडी पेले याचेच, त्या गुणाची ग्वाही मात्र मी देणार नाही.)

एवढ्यावरही संशय उरला, तर डेहराडूनच्या वन अनुसंधान संस्थेचे दार ठोठवावे. नमुना मात्र कडेच्या फिकट लाकडाचा नव्हे, गाभ्याचा पाठवावा.