याजकांचा वाटा

प्राचीन इस्राएलात याजकपद अहरोनाच्या घराण्यात वंशपरंपरेने चाले. अहरोन लेवी वंशातला. कनान देशाची वाटणी झाली तेव्हा या वंशाला शेतजमीन मिळाली नाही. राहण्यासाठी 48 नगरे आणि त्यांभोवतीची गायराने तेवढी मिळाली. त्यांतली 13 नगरे याजकांची. परमेश्वर हाच त्यांचा वतनभाग, असे तोरा हे ज्यूंचे धर्मशास्त्र सांगते. पण वेदीपाशी राबणाऱ्या माणसालाही पोट असते, म्हणून प्रत्येक अर्पणातले काय देवाचे, काय याजकाचे आणि काय यजमानाचे, हे बारकाईने ठरवून दिलेले होते.

होमार्पणाचा पशू पूर्ण जाळला जाई. याजकाला फक्त कातडे मिळे. ही प्राप्ती किरकोळ नव्हती. अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ फायलो ती मोठ्या उत्पन्नाची बाब मानतो. अन्नार्पणातले मूठभर तेलमिश्रित पीठ सगळ्या धूपासह वेदीवर पडे. उरलेल्या पिठाची बेखमीर भाकर याजक घराण्यातील पुरुषांनी पवित्र आवारातच खायची. शांत्यर्पणात चरबी वेदीवर जाई, ओवाळलेला ऊर आणि उजवी मांडी याजकाला मिळे, बाकीचे मांस यजमान घरच्यांसह खाई. हा ऊर आणि मांडी याजकाच्या बायकामुलांनाही चाले. तोरातल्या अनुवाद या ग्रंथात मात्र याजकाचा वाटा वेगळा दिला आहे: फरा, दोन्ही गालफडे आणि पोटाचा कोठा. पुढे रब्बींनी हा नियम घरगुती खाण्यासाठी कापलेल्या जनावरांना लावला. मंदिरातल्या मेजावरच्या 12 समर्पित भाकरी दर शब्बाथाला बदलत आणि उतरवलेल्या भाकरी याजक खात.

वेदीवरचे अन्न पाळीच्या दिवसांपुरते होते. याजकांचे 24 वर्ग आठवड्याआठवड्याने सेवेला येत. वर्षभराची खरी भिस्त शेतमालावर होती. धान्य, द्राक्षारस आणि तेल यांतला पहिला भाग याजकाचा. तो किती द्यावा हे तोरा सांगत नाही. मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहाच्या हिशेबाने उदार हात चाळिसावा हिस्सा देई, मध्यम पन्नासावा आणि चिक्कू साठावा. शेतकरी लेव्यांना दशमांश देत आणि लेवी त्याचा दहावा भाग याजकांना. मळलेल्या कणकेतला गोळा, लोकरीची पहिली कातरण, गायी-मेंढ्यांचा पहिला गोऱ्हा किंवा कोकरू हेही याजकांचे. माणसाचा पहिला मुलगा 5 शेकेल चांदी देऊन सोडवला जाई.

या सगळ्यांत प्रथमफळांचा विधी सर्वांत देखणा. शेतात पहिले अंजीर पिकायला लागलेले दिसले की शेतकरी त्याला लव्हाळ्याची काडी बांधून ते प्रथमफळ ठरवी. मग गावोगावचे लोक एकत्र निघत. पुढे सोन्याने मढवलेल्या शिंगांचा बैल, सोबत बासरी. यरुशलेमेत पोचल्यावर श्रीमंतांच्या सोन्याचांदीच्या टोपल्या त्यांना परत मिळत. गरिबाची सोललेल्या फोकांची टोपली मात्र फळांसकट याजकाकडेच राही.

पवित्र अन्न खाण्यालाही मर्यादा होत्या. अशुद्ध अवस्थेतला याजक ते शिवू शकत नसे. त्याच्या घरात जन्मलेला दास ते खाई, रोजंदारीचा मजूर नाही. याजक नसलेल्या घरी दिलेल्या त्याच्या मुलीचा हक्क संपे. विधवा होऊन किंवा सोडचिठ्ठी मिळून ती निपुत्रिक माहेरी परतली तर तो पुन्हा सुरू होई.

देणाऱ्याच्या श्रद्धेवर उभी असलेली ही व्यवस्था दोन्ही बाजूंनी मोडू शकत होती, आणि मोडलीही. शिलो येथे याजक एलीचे मुलगे चरबी जळण्याआधीच कच्चे मांस जबरदस्तीने मागत. इ.स.पू. पाचव्या शतकात उलटे घडले. लोकांनी वाटा देणे थांबवले, तेव्हा लेवी आणि गायक आपापल्या शेतांवर निघून गेले. मंदिरातल्या दशमांशाच्या कोठडीत तोबीया नावाच्या माणसाचे बस्तान होते. राज्यपाल नहेम्याने त्याचे सामान बाहेर फेकले आणि कोठारांवर विश्वासू माणसे नेमली. इ.स. 60 च्या सुमारास तर याजकांनीच याजकांना लुबाडले. प्रमुख याजकांचे नोकर खळ्यांवरून दशमांश उचलून नेत आणि गरीब याजक उपाशी मरत, असे इतिहासकार योसेफस लिहितो. तो स्वतः याजक होता, त्यामुळे ही साक्ष वजनदार आहे.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडले आणि वेदीवरचे वाटे संपले. त्या काळाची खूण म्हणून मासादा किल्ल्याच्या उत्खननात ‘याजकाचा दशमांश’ अशी नोंद असलेले खापर सापडले आहे. आजही परंपरा पाळणाऱ्या ज्यू घरांत कणकेचा गोळा वेगळा काढून जाळतात, आणि पहिल्या मुलाच्या सुटकेसाठी अहरोनवंशीय माणसाच्या हाती पाच चांदीची नाणी ठेवतात.