उंचीवरची धाव आणि ऑक्सिजन
बीड जिल्ह्यातील मांडव्याचे धावपटू अविनाश साबळे यांनी अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे, सुमारे १,८०० मीटर उंचीवर सराव केला. उंचीवर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण घटते, असा समज आहे. प्रमाण २१ टक्केच राहते. घटतो तो हवेचा दाब. ज्वारी-बाजरीचे मिश्रण पोत्यात सैल भरले, तर प्रमाण तेच, दाणे मात्र कमी, श्वासाचेही तसेच.

तरीही अनुकूलन (विरळ हवेला शरीर सरावणे) पूर्ण होण्याआधी सगळ्याच शर्यती मंदावत नाहीत. शंभर मीटरची धाव मुख्यतः स्नायूंतील साठवलेल्या ऊर्जेवर होते. शिवाय विरळ हवेचा अडथळा कमी असतो. म्हणूनच उंचावरच्या मेक्सिको सिटीत १९६८च्या ऑलिंपिकमध्ये छोट्या शर्यतींत विश्वविक्रम झाले. साबळे यांच्या ३,००० मीटर स्टीपलचेसला मात्र आठ मिनिटे ऑक्सिजन लागतो. त्यासाठी शरीराला काही आठवडे द्यावेच लागतात.