गुन्हेगारी मालिका घरात कोणासमोर लावावी?

हिंसक गुन्हेगारी मालिका घरच्या सगळ्यांसोबत पाहता येईल का, हे बहुतेक घरांत रक्त किती दिसते आणि शिव्या किती ऐकू येतात यावरून ठरते. शय्यादृश्य आले की रिमोटकडे हात जातो. खून मात्र जेवता जेवता पाहिले जातात. हा मापदंड अपुरा आहे. हिंसा कोण करतो, तिच्यातून त्याला काय मिळते, कॅमेरा मारणाऱ्याबरोबर राहतो की मार खाणाऱ्याबरोबर, आणि पडद्यासमोर बसलेल्यांत सर्वांत लहान कोण आहे, हे प्रश्न आधी विचारावे लागतात.

वयानुसार वर्गवारी ही पहिली पायरी. चित्रपटांना केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजे आपल्या बोलण्यातले सेन्सॉर बोर्ड, प्रमाणपत्र देते. वेब सिरीज त्या मंडळाकडे जातच नाहीत. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नियम केले. त्यानुसार ओटीटी कंपनी आपल्या मालिकेचा वर्ग स्वतःच ठरवते: सर्वांसाठी ‘यू’, मग ‘यूए ७+’, ‘यूए १३+’, ‘यूए १६+’, आणि फक्त प्रौढांसाठी ‘ए’. चित्रपटांनाही २०२३ च्या कायदादुरुस्तीने यूएचे हेच तीन टप्पे लागू झाले. मालिका सुरू होताना पडद्यावर या वर्गाशेजारी हिंसा, भाषा, अमली पदार्थ असे एकदोन शब्द झळकतात. बहुतेकांची नजर त्यांवरून घसरते. खरे तर कंपनीने स्वतः दिलेली ती कबुली असते. ‘यूए १३+’ आणि त्यापुढच्या मालिकांना पालकांना कुलूप लावता यावे, आणि ‘ए’ वर्गातल्या मालिकांसाठी वयाची खातरजमा करण्याची व्यवस्था असावी, असे हे नियम सांगतात.

टीव्ही वाहिन्यांचा हिशेब वेगळा आहे. तिथे केबल टीव्हीच्या नियमांतली कार्यक्रम संहिता लागू होते, आणि मुले मोठ्या संख्येने टीव्ही पाहतात त्या वेळी त्यांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत, असे तिच्यात म्हटले आहे. झी मराठीवर २०२० मध्ये सुरू झालेली ‘देवमाणूस’ रात्री साडेदहाला लागत असे. गावाचा विश्वास कमावून बायकांचे जीव घेणाऱ्या बोगस डॉक्टरची ही कथा, वाई परिसरात २०१६ साली उघडकीस आलेल्या खूनसत्रावर बेतलेली. साडेदहाची वेळ हे लहान मुलांसाठी एक कुंपण होते. पण तीच मालिका अ‍ॅपवर दुपारी तीनलाही उघडते, आणि तिथे कुंपण घालण्याचे काम घरच्यांवर येते.

वर्ग कळला तरी मालिकेचा स्वभाव कळत नाही. शिवाजी साटम यांच्या एसीपी प्रद्युम्नची ‘सीआयडी’ १९९८ पासून वीस वर्षे सलग चालली आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी पाहिली. खुनाशिवाय तिचा भाग क्वचितच असे. पण प्रेत हे तिथे कोड्याची सुरुवात असे. मारण्याच्या क्रियेवर कॅमेरा रेंगाळत नसे आणि गुन्हेगाराचा हेवा वाटावा असे काही घडत नसे. म्हणजे मालिकेत खून आहे एवढ्यावरून ती घरात पाहण्याजोगी नाही, असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या टोकाला ‘मिर्झापूर’ आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या या मालिकेची सुरुवातच एका वरातीत होते. बाहुबलीचा मुलगा मुन्ना नाचता नाचता बंदूक चालवतो आणि गोळी नवरदेवाला लागते. या खुनाचा खटला घेणाऱ्या सरळमार्गी वकिलाला धमकावायला मुन्ना त्याच्या घरी जातो, तिथे वकिलाची दोन मुले गुड्डू आणि बबलू त्याला तुडवतात. आणि ही धमक पाहून मुन्नाचा बाप कालीन भैया त्या दोघांना आपल्या धंद्यात घेतो. कायद्यावर विश्वास ठेवणाऱ्या बापाच्या वाट्याला उपेक्षा येते. पिस्तूल हाती घेतलेल्या मुलांना पैसा, गाडी, रुबाब आणि गावाचा धाक मिळतो. पहिल्या सीझनच्या अखेरीस त्याची भयंकर किंमत वसूल होते हे खरे, पण तोवर नऊ भाग संपत आलेले असतात. मालिका प्रौढांसाठीची आहे आणि प्रौढांसाठी ती ताकदीची आहे. कुमारवयीन मुलांसमोर ती लावू नये, याचे मुख्य कारण रक्त किंवा शिव्या नसून हा रुबाब आहे. शिवाय तिचे संवाद छोट्या व्हिडिओंतून सुटे होऊन फिरतात, आणि त्या तुकड्यांत किंमत वसूल होण्याचा भाग नसतो.

‘शेवटी गुन्हेगाराला शिक्षा होतेच ना’ हा युक्तिवाद येथे नेहमी पुढे येतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६१ पासून बालवाडीतल्या मुलांवर केलेले प्रयोग याबाबत डोळे उघडणारे आहेत. १९६५ च्या प्रयोगात मुलांना एक छोटा चित्रपट दाखवला गेला. त्यात एक माणूस हवा भरलेल्या मोठ्या बाहुल्याला मारतो. काही मुलांनी पाहिलेल्या चित्रपटात त्याला शेवटी बक्षीस मिळत होते, काहींच्या शिक्षा, काहींच्या काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नंतर खेळताना नक्कल कमी केली. पण ‘त्याने काय काय केले ते करून दाखवा, खाऊ देतो’ असे म्हटल्यावर तिन्ही गटांतल्या मुलांनी जवळपास सारखेच करून दाखवले. शिक्षेने वागणे आवरले, शिकलेले पुसले नाही. अर्थात बाहुल्याला मारणे आणि माणसाला मारणे यांत मोठे अंतर आहे, आणि मालिका पाहून कोणी खुनी होतो असे या प्रयोगावरून म्हणता येत नाही. शेवटच्या भागातल्या बेड्यांवर विसंबून आधीचे सगळे भाग लहान मुलांना दाखवू नयेत, एवढे मात्र त्यातून नक्की निघते.

जे दाखवले नाही, तेही जड असू शकते. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ रोजी झालेल्या सामूहिक बलात्कार प्रकरणाच्या तपासावर ‘दिल्ली क्राइम’चा पहिला सीझन आधारलेला आहे. रिची मेहता यांनी दिग्दर्शित केलेली ही सात भागांची मालिका मार्च २०१९ मध्ये आली आणि २०२० मध्ये तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. तिच्यात तो अत्याचार पडद्यावर येत नाही. रुग्णालयात डॉक्टर जखमा सांगतात, शेफाली शहा यांनी साकारलेली डीसीपी वर्तिका ऐकत असते, आणि कॅमेरा ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर असतो. पुढे चौकशीत मुख्य आरोपी आपण काय केले ते पश्चात्तापाचा लवलेश नसलेल्या सुरात सांगतो. रक्त मोजणाऱ्याला ही मालिका सौम्य वाटेल. पण दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ते शब्द देण्याचे काहीच कारण नाही, कारण ते ऐकून पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पेलण्याचे त्याचे वय नसते. कॉलेजात जाणारी मुले-मुली आणि त्यांचे आईवडील यांनी मात्र ती एकत्र पाहण्यासारखी आहे. वर्तिकाची मुलगी या शहरात राहायचेच नाही म्हणते, आईला शहर सोडायचे नसते. हा वाद कितीतरी घरांत होऊ शकेल असा आहे.

वयाचा विचार ढोबळच करता येतो. सातआठ वर्षांपर्यंतची मुले दिसते त्याला भितात: विद्रूप चेहरा, किंकाळी, अंधार. ‘हे खोटे आहे, रंग आहे’ हे सांगून त्यांची भीती जात नाही. त्यापुढची मुले खरोखर घडू शकेल अशा गोष्टींना भितात. पळवून नेणे, घरात शिरलेला माणूस, आईवडिलांचा मृत्यू. त्यामुळे ‘सत्यघटनेवर आधारित’ ही पाटी नऊदहा वर्षांच्या मुलाला राक्षसापेक्षा जास्त घाबरवते, आणि ते मूल तसे बोलून दाखवत नाही. झोपताना दिवा चालू ठेवायला सांगते.

तेराव्या-चौदाव्या वर्षापुढे नुसती बंदी टिकत नाही, कारण मालिका मित्राच्या फोनवर असतेच. मार्च २०२५ मध्ये आलेली ब्रिटिश मालिका ‘अ‍ॅडोलसन्स’ या वयाच्या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. वर्गातल्या मुलीच्या खुनाच्या आरोपावरून तेरा वर्षांच्या मुलाला पहाटे घरातून पकडून नेतात, तिथून ती सुरू होते. चार भाग, प्रत्येक भाग सलग एकाच शॉटमध्ये. खून दिसतो तो पोलिसांकडच्या सीसीटीव्ही चित्रणात. शेवटच्या भागात आईवडील स्वतःला विचारत राहतात, की मुलगा आपल्या खोलीत होता, मग सुरक्षित नव्हता का? ब्रिटनमध्ये ही मालिका माध्यमिक शाळांना मोफत उपलब्ध करून देण्यात आली. पंधरासोळा वर्षांच्या मुलाबरोबर आईवडिलांनी पाहावी अशी ही मालिका आहे. त्यांनी ती एकेकट्याने पाहिली तर तिचा निम्मा उपयोग वाया जातो.

घरातल्या ज्येष्ठांचा विचार या चर्चेत सहसा होत नाही. अमेरिकेतील संशोधक जॉर्ज गर्बनर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून टीव्हीवरील हिंसेचा अभ्यास केला. पुष्कळ टीव्ही पाहणाऱ्यांना जग प्रत्यक्षाहून अधिक धोकादायक वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. दिवसभर गुन्ह्यांच्या मालिका आणि त्यांची पुनःप्रक्षेपणे पाहणारे आजी-आजोबा नातीला संध्याकाळी क्लासला एकटी पाठवायला घाबरू लागतात, हा त्याचाच घरगुती प्रकार. आणि ज्या घराने खरा खून, मारहाण किंवा अत्याचार सोसला आहे, तिथे कोणत्याही वर्गवारीपेक्षा त्या माणसाचे मन आधी पाहावे लागते.

प्रत्यक्ष निवड करताना मोठ्यांपैकी एकाने आधी पहिला भाग आणि मधला किंवा शेवटाकडचा एखादा भाग पाहावा. पहिल्या भागावरून अंदाज चुकतो, कारण अनेक मालिका पुढे पुढे क्रूर होत जातात. मुलांचे वेगळे प्रोफाइल करून त्याला वयाची मर्यादा घालावी, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावावा आणि तो पिन मुलांना पाठ असलेल्या जन्मतारखेचा नसावा. ऑटोप्ले बंद ठेवले तर दोन भागांच्या मध्ये बोलायला उसंत मिळते. पाहताना चुकीची निवड झाली असे वाटले तर काही न बोलता चॅनल बदलू नये. का थांबवले ते मुलांना सांगावे.

वर्ग चुकीचा दिला आहे असे वाटल्यास तक्रारीची सोय २०२१ च्या नियमांतच आहे. प्रत्येक ओटीटी कंपनीला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान न झाल्यास कंपन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे आणि त्यानंतर माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या पातळीवर जाता येते. तक्रारीत मालिकेचे नाव, भाग क्रमांक, दृश्याची वेळ आणि कोणता वर्ग योग्य ठरला असता हे नेमके लिहावे.