घरची पावशी

घरांतील एखादी वस्तु हरवली, तर तिच्यावांचून आपलें किती दिवस चालेल, हा प्रश्न प्रत्येक गृहिणीनें एकदां स्वतःस विचारून पाहण्यासारखा आहे. पुरणयंत्र सांपडलें नाहीं तर पाटा आहे. खलबत्ता शेजारून आणतां येतो. किसणी मोडली तर चार दिवस कोशिंबीर होणार नाहीं, याहून अधिक अनर्थ ओढवत नाहीं. कांहीं वस्तु तर अशा असतात कीं, त्या हरवल्याचें दिवाळीची झाडझूड काढतांनाच कळतें. परंतु भाजी चिरण्याचें हत्यार सकाळीं जागेवर नसलें, तर संध्याकाळची चूल पेटण्यापूर्वीं दुसरें घरांत आलेंच पाहिजे. उसनें मागून एक वेळ निभावेल. दुसऱ्या वेळीं शेजारणीच्या घरींहि भाजी चिरावयाची असतेच. वस्तूची किंमत ती नाहींशी झाल्यावर किती तांतडीनें परत आणावी लागते यावरून ठरवावयाची म्हटली, तर देव्हाऱ्यांतील चांदीच्या ताम्हनाच्या आधीं या काळ्या लोखंडाचा मान लागेल.

भंडारा जिल्ह्यांत या हत्याराला पावशी म्हणतात. पुण्यामुंबईच्या वाचकांची विळी ती हीच. कोंकणांत कोठें तिला मोरळी म्हणतात, कोठें आदाळी. महाराष्ट्राबाहेरहि तिचें गोत मोठें आहे. बंगालची बोंटी व ओरिसाची पनिकी या तिच्या सख्ख्या बहिणी. कानडींत ईळिगे मणे, तामिळांत अरिवाळमणै, तेलुगूंत कत्तिपीट. या तिन्ही नांवांत आधीं पातें व मग पाट अशीच जोडी आहे. आपल्या भाषेनें निराळी युक्ति केली. शेतांत धान कापतो तो विळा आणि तोच पाटावर बसून घरांत आला म्हणजे विळी. दोन माणसांचें पटत नसलें कीं आपण त्यांच्यांत विळ्याभोपळ्याएवढें सख्य आहे असें म्हणतों. स्वयंपाकघरांत मात्र या दोघांची गांठ रोज पडते, व तींत भोपळ्याचें मत कोणी विचारीत नाहीं.

मोहाडी हा भंडाऱ्याहून तुमसरकडे जातांना वाटेंत लागणारा तालुक्याचा गांव. भोंवतालचा मुलूख धानाचा. धान उभें असतांनाच ओल्या बांधींत लाखोळी फेकतात. ती उगवून आली म्हणजे तिचे कोंवळे शेंडे खुडून त्यांची भाजी करतात. हिंवाळ्यांत सांभार, म्हणजे कोथिंबीर, अमाप येतो व घरोघर सांभारवडीचा बेत होतो. या दोन पदार्थांचें यश चिरण्यावर आहे. सांभार जाड राहिला कीं वडी फाटते व चेंचला कीं त्याला पाणी सुटतें. जुडी मुठींत घट्ट धरून पावशीवर केसासारखी चिरणारी बाई पाहिली, म्हणजे आमच्याकडे नव्या सुनेच्या हाताची परीक्षा भाकरीइतकीच पावशीवर कां होत असे तें समजतें.

सुरीनें चिरतांना भाजी स्थिर राहते व पातें हलतें. पावशीवर पातें स्थिर राहतें व भाजी हलते. ऐकावयास ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण सारें मर्म तिच्यांत आहे. पाटावर पाऊल किंवा गुडघा दाबून बसलें कीं दोन्ही हात मोकळे होतात आणि ओंजळीएवढी भाजी एका वेळीं धारेपुढें धरतां येते. जोर मनगटाचा लागत नाहीं. सबंध अंगाचा भार कामीं येतो, म्हणूनच सुरणाचा गड्डा किंवा लाल भोपळा जिला सुरीनें हालत नाहीं तीहि पावशीवर त्याच्या फांका करते. शिवाय पातें टोंकाकडे वळलेलें असल्यामुळें भाजी पुढें ढकलतांना धारेवरून थोडी सरकते. आणि नुसत्या दाबानें न तुटणारी वस्तु सरकत्या धारेनें तुटते, हें ज्यानें सुंभ कापलें आहे त्याला सांगावयास नको. टोंकाशीं दांत्यांची चकती असली कीं नारळ खवण्याचें कामहि तेथेंच होतें.

अशी ही वस्तु हरवते तरी कशी? सुरी हरवण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. भाजीच्या सालींबरोबर ती गाईच्या बादलींत जाते किंवा उकिरड्यावर जाते. पावशी मात्र बहुधा लग्नामुंजीच्या घरीं हरवते. कार्याच्या आदल्या दिवशीं आळींतल्या दहा बायका आपापली पावशी घेऊन भाजी चिरावयास जातात. भांड्यांवर नांवें घातलेलीं असतात, पावशीवर नसतात. फार तर पाटाच्या बुडाशीं रंगाचा ठिपका किंवा एखादी खांच. निघतांना अदलाबदल होते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोन घरांतून एकदमच ‘ही आमची नव्हे’ असा पुकारा होतो. चोरीचा संशय यांत कोणाला येत नाहीं. पाटावर पाय ठेवतांच पायाला कळतें, पहिली भेंडी चिरतांच हाताला कळतें. परक्या पावशीचें पातें कदाचित् आपल्याहून तिखट असेल, तरी ती परत करावयास बायका भर दुपारीं निघतात.

आतां हें पातें येतें कोठून तें पाहूं. मऊ लोखंडाला धार लागते, पण राहत नाहीं. धार राहण्यासाठीं त्यांत कर्ब असावा लागतो, म्हणजेच तें पोलाद असावें लागतें. आणि खेड्यांतल्या लोहाराला चांगलें पोलाद स्वस्तांत मिळण्याचें ठिकाण म्हणजे मोटारीचा मोडका माल. मालमोटारीच्या कमानीच्या पाट्यांत शेंकडा अर्ध्याच्या आगेमागें कर्ब असतो. तो पाटा भात्याच्या जाळावर लाल करून ऐरणीवर ठोकून पातळ करतात, त्याला बांक देतात, मग पाणी देतात. पाणी देण्याची वेळ हें लोहाराचें गुपित. पातें लाल रंगावर आलें, लोहचुंबक त्याला धरीनासा झाला, म्हणजे सुमारें ७७० अंशांच्या थोडें वर गेलें, कीं तें पाण्यांत किंवा तेलांत बुडवावयाचें. तें कांचेसारखें कठीण होतें व कांचेसारखेंच ठिसूळहि. म्हणून पुन्हां मंद ऊब देतात. घांसून चकचकीत केलेल्या भागावर तेव्हां रंग चढूं लागतात. प्रथम वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळ्यावर थांबलें तर धार कडक राहते. निळ्यापर्यंत जाऊं दिलें तर पातें लवचीक होतें, पण धार लवकर बसते. कोठें थांबावयाचें तें लोहार डोळ्यानें ठरवतो, आणि त्याच्या त्या एका क्षणावर एखाद्या घरची पुढील वीस वर्षांची भाजी अवलंबून असते.

मोहाडी तालुक्यांतच वरठी येथें भंडारा रोड हें रेल्वेचें स्टेशन आहे आणि तेथेंच सनफ्लॅग कंपनीचा पोलादाचा मोठा कारखाना आहे. मोटारीच्या धंद्याला लागणारें खास पोलाद तेथें निघतें. रस्त्यावर मोडलेली एखादी कमान वरठीच्या पोलादाची असून तिचीच पावशी पुन्हां तालुक्यांत येते, असें म्हणण्याचा माझा आग्रह नाहीं. पण तसें घडत नसेल असें तरी कोणीं सांगावें? लोखंडाची विद्या या मुलखाला नवी नव्हेच. शेजारच्या नागपूर जिल्ह्यांत पेंच नदीच्या कांठीं नैकुंड येथें १९७८ ते १९८० या काळांत डॉ. शां. भा. देव व डॉ. अरविंद जामखेडकर यांनीं केलेल्या उत्खननांत लोखंड गाळण्याची भट्टी निघाली. तिचा काळ इसवी सनापूर्वीं सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. विदर्भांतील शिळावर्तुळांत मृतांबरोबर पुरलेल्या वस्तूंत कुऱ्हाडी, छिन्न्या, नराण्या यांच्याबरोबर सुऱ्याहि सांपडल्या आहेत. ज्याच्यावांचून परलोकींहि एक दिवस अडूं नये, अशा वस्तूंत त्या लोकांनीं सुरी धरली होती हें उघड आहे.

आपल्या चालीरीतींतहि हा मान दिसतो. खंडेनवमीला चौंडेश्वरीच्या देवळांत मोहाडीकरांची गर्दी होते, तेव्हां घरोघर पावशी धुवून तिला हळदकुंकू वाहतात. उघडी पावशी उभी ठेवूं नये, ओलांडूं नये, हातांत हात देऊन घेऊं नये, खालीं ठेवावी व दुसऱ्यानें उचलावी, हे नियम शुभाशुभाच्या नांवाखालीं आले असले तरी त्यांत शहाणपण आहे. पाचवीच्या पूजेंत पाट्यावर विळा किंवा कोयती मांडतात. हें लिहितांना मात्र मन थोडें कचरतें. कारण पूर्वीं खेड्यापाड्यांत सुइणी बाळाची नाळ कापीत त्या अशाच हातीं आलेल्या विळ्यानें, सुरीनें किंवा बांबूच्या कामटीनें. न उकळलेल्या पात्याबरोबर धनुर्वाताचे जंतु बाळाच्या अंगांत जात, व त्या रोगाचीं लक्षणें बहुधा तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत दिसूं लागत. पांचव्यासहाव्या रात्रीं सटवाईच्या भीतीनें जागणाऱ्या आयांचें भय निराधार नव्हतें. गर्भवतीला धनुर्वाताची लस, दवाखान्यांतलें बाळंतपण व निर्जंतुक पातें यांमुळें तें भय ओसरलें. २०१५ सालीं भारतांतून नवजात बालकांच्या धनुर्वाताचें उच्चाटन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. घरची पावशी बाळंतिणीच्या खोलींतून हद्दपार झाली, ती कायमची झाली हेंच बरें.

स्वयंपाकघरांतून ती हद्दपार होत आहे, त्याविषयीं मला इतक्या सहज बरें म्हणवत नाहीं. १९१३ सालीं शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनीं क्रोमियम घातलेलें न गंजणारें पोलाद काढलें, आणि पुढें त्या पोलादाच्या सुऱ्या जगभर झाल्या. आज मोहाडीसारख्या गांवींहि पुठ्ठ्यावर टांचलेल्या सुऱ्या कोणत्याहि दुकानांत मिळतात. पावशी तशी मिळत नाहीं. ती लोहाराला सांगावी लागते, नाहीं तर रस्त्याकडेला पाल टाकून राहणाऱ्या घिसाड्यांची वाट पाहावी लागते. त्यांच्यांत घण मारणारी बहुधा बाईच असते. म्हणून पावशी मोडली म्हणजे ‘आजच्यापुरती’ सुरी येते, आणि तो आजचा दिवस संपत नाहीं.

यांत कांहींच चांगलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. ओट्यापाशीं उभें राहून काम करूं लागल्यापासून पुष्कळ बायकांचे गुडघे वांचले. रांगतें मूल असलेल्या घरांत उभ्या पात्याची धास्ती असते ती निराळीच. कैरी किंवा कच्चें केळें चिरलें कीं काळ्या पोलादाच्या संसर्गानें फोडी काळवंडतात, तें सुरीनें होत नाहीं. हें सर्व मान्य करूनहि एक गोष्ट राहते, ती सासूबाईंची. ज्या घरांत नातवाच्या भीतीनें पावशी माळ्यावर गेली, तेथें बहुधा त्याच दिवशीं आजीबाईंचें कामहि गेलें. दृष्टि मंदावलेली म्हातारी पावशीवर निर्धास्त चिरते, कारण धार कोठें आहे हें तिच्या हाताला पन्नास वर्षें ठाऊक आहे. धार जागची हालत नाहीं. तिच्या हातीं फिरती सुरी द्या, ती दोन फोडी करते, बोटाला लावून घेते व ‘तूंच चीर बाई’ म्हणून बाजूला होते. मग घरांतलीं माणसें म्हणतात, सासूबाईंना आतां कांहीं सुचत नाहीं. त्यांना सुचत होतें; त्यांचें हत्यार आपण हरवलें. ज्या घरीं अशी एखादी आजी आहे, त्या घरानें पावशी मोडण्याची वाट न पाहतां दुसरी आजच करून घ्यावी. मूल चालूं लागेपर्यंत ती घडीची असावी व काम होतांच मिटून वर जावी, म्हणजे दोघांचीहि सोय होते. ज्यांना खालीं बसवत नाहीं त्यांच्यासाठीं ओट्याच्या कडेला स्क्रूनें बसणाऱ्या विळ्याहि निघाल्या आहेत. मात्र त्यांवर जोर पायाचा न लागतां हातांचा लागतो, तेवढी उणीव त्यांत आहे.

लोहाराकडे जातांना जुनी पावशी बरोबर न्यावी. उंची व बांक सांगून समजत नाहींत, दाखवून समजतात. पातें हातांत घेऊन नखानें वाजवावें. स्वच्छ नाद आला तर तडा नाहीं असें समजावें. पात्याचें मूळ पाटाच्या आरपार जाऊन खालून पक्कें केलेलें असावें, नुसत्या पाचरीवर उभें असूं नये. पाट सागाचा किंवा बाभळीचा घ्यावा. आंब्याचा ओलीनें फुगतो व पातें डुलूं लागतें. घरीं आणल्यावर पहिले आठपंधरा दिवस तीवर कैरी, आंवळा, लिंबू चिरूं नये. कांदाबटाट्यावर तिला रुळूं द्यावें व प्रत्येक वेळीं पुसून गोड्या तेलाचा हात फिरवावा. फणस चिरावयाचा झाला तर तेल आधीं लावावें. आणि नवी पावशी आजीबाईंच्या हाताला बसेपर्यंत जुनी मोडीवाल्याला देऊं नये.