वर्ग मिटला, शुल्काचें काय?

वऱ्हाडांत अमरावती-अकोल्याचे पालक खासगी शिकवणीवर्गांचें वर्षभराचें शुल्क आरंभींच भरतात. मध्येंच वर्गास कुलूप लागलें, तर मुलाचें वर्ष आणि घरची पुंजी दोन्ही धोक्यांत येतात. परंतु शिकवणीवर्ग ग्राहक-कायद्याच्या कक्षेंत येतात, असें राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २०२० सालीं ठरविलें. २०१९ च्या कायद्यान्वयें तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यांतच करतां येते. नागपुरास पैसे भरलेल्या अकोलेकरास तेथवर खेटे घालावे लागत नाहींत. भरलेली रक्कम ५ लक्षांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाहीं. मुदत मात्र कारण घडल्यापासून २ वर्षें. यास्तव पावती जपावी, आणि न शिकविलेल्या महिन्यांचे पैसे प्रथम लेखी मागावे. चालकापाशीं कांहींच उरलें नसेल, तर अनुकूल निकालही कागदावरच राहतो. म्हणून शुल्क हप्त्यांनीं भरणें हेंच शहाणपणाचें.