दोन धातूंच्या सीमेवर

संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्यावर अगदी जवळून एक इवलासा वाचक सरकत असतो. तबकडीवरच्या चुंबकीय खुणा तो वाचतो आणि ० की १ ते सांगतो. या खुणा इतक्या बारीक असूनही वाचता कशा येतात, ते आज समजून घेऊ. उत्तर धातूंच्या अतिपातळ थरांत आहे. त्यातही माझ्या मते खरी गंमत थर जिथे एकमेकांना भेटतात तिथे, म्हणजे सीमेवर आहे.

चिरोटा आठवा. पोळ्यांमध्ये तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावतात, म्हणून पापुद्रे सुटतात. आपल्या गोष्टीत लोखंड म्हणजे पोळी आणि क्रोमियम म्हणजे साटा. फक्त इथला साटा सुमारे ०.९ नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे अणूंच्या जेमतेम सहा रांगा! आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो.

१९८६ मध्ये जर्मनीतल्या युलिश इथे पीटर ग्रुनबर्ग यांना दिसलं, की मधला क्रोमियम योग्य जाडीचा असेल तर वरचं आणि खालचं लोखंड परस्परविरुद्ध दिशांना चुंबकित होतं. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर यांच्या गटाने असे अनेक थर एकावर एक रचले, उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले आणि बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं. सगळे थर एका दिशेला वळले आणि विद्युत रोध जवळजवळ निम्म्यावर आला. हाच परिणाम ग्रुनबर्ग यांनाही स्वतंत्रपणे सापडला. २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

रोध का घटला? इलेक्ट्रॉनला स्पिन असतो. ढोबळमानाने त्याच्या दोन जाती समजा. चुंबकित थरातून आणि त्याच्या सीमेवरून जाताना एका जातीला वाट मोकळी मिळते, दुसरीला ठेचा लागतात. थर उलटसुलट असतील, तर दोन्ही जातींना एकाआड एक थरात ठेचा लागतात. सगळे एकाच दिशेला असतील, तर एका जातीला सलग मोकळा रस्ता मिळतो आणि प्रवाह तिथूनच वाहतो.

आता सीमेकडे येऊ. स्टुअर्ट पार्किन यांनी १९९३ मध्ये निकेल-लोह मिश्रधातू आणि तांबं यांच्या सीमेवर कोबाल्टचा अगदी नावापुरता थर घातला. परिणाम दुपटीहून वाढला! तोच कोबाल्ट सीमेपासून किंचित आत सरकवला, की फायदा झपाट्याने ओसरला. म्हणजे ठेचा लागण्याची मुख्य जागा सीमाच होती.

म्हणून थर बनवताना जीव मुठीत धरावा लागतो. मधल्या थराला बारीक भोक राहिलं, तर लोखंड लोखंडाला चिकटतं, साटा कमी पडलेल्या चिरोट्यासारखं. मग दोन्ही थर आधीपासूनच एका दिशेला वळतात. क्षेत्र लावून बदलायला काही उरतच नाही. जाडी थोडी इकडेतिकडे झाली, तरी विरुद्ध दिशेचा आग्रह नाहीसा होऊ शकतो.

मग ही सीमा नीट झाली की नाही, हे कळणार कसं? एक उपाय म्हणजे थरांवर तिरपे क्ष-किरण टाकून परतलेले किरण मोजणं. त्यांच्या चढउतारांवरून जाडी आणि खडबडीतपणा काढता येतो. आपल्या इंदूरच्या इंडस सिंक्रोट्रॉनवर अशा मोजमापाची सोय आहे.

आता सुरुवातीच्या वाचकाकडे वळू. त्याचा एक थर घट्ट बांधलेला असतो, दुसरा मोकळा. तबकडीवरची खूण मोकळ्या थराला फिरवते, रोध बदलतो आणि तो बदल म्हणजेच ० किंवा १. या तत्त्वावरच्या हार्ड डिस्क १९९७ पासून बाजारात आल्या. पुढच्या वाचकांत तांब्याच्या जागी मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर आला. तिथेही सीमेचा कस लागतोच.

एवढं लक्षात ठेवा: पदार्थ इतका पातळ झाला, की तो कशाचा बनलाय एवढंच विचारून भागत नाही. त्याचा शेजारी कोण आणि दोघांमधली रेघ किती स्वच्छ, हेही विचारावं लागतं. भेटू पुढच्या भागात.